नापास कोण झाले? 'इयत्ता' नावाच्या मापाचा दीडशे वर्षांचा इतिहास

१/
१९२२-२३ साली ब्रिटिश हिंदुस्थानातील प्राथमिक शाळांत पहिलीच्या वर्गात जितकी मुले होती, त्यांतील दर शंभरांमागे तीन वर्षांनी, १९२५-२६ मध्ये, चौथीत आढळली अवघी अठरा. उरलेली ब्याऐंशी कोठे गेली? काहींनी शाळा सोडली होती. काही मात्र शाळेतच होती, त्याच पहिलीच्या सतरंजीवर. आज पाचवी-आठवीच्या परीक्षांवरून जो वाद रंगतो, त्याचे मूळ या हिशेबात आहे. मूल मागे राहिले की दोष कोणाचा धरायचा, हा तो वाद.

२/
आधी एका शब्दाकडे पाहू. 'इयत्ता' हा मूळ संस्कृत शब्द. त्याचा अर्थ 'इतकेपणा', म्हणजे ठरावीक माप किंवा मर्यादा. इंग्रजी शाळांतील 'स्टँडर्ड' या शब्दाचा अर्थही हाच: मोजण्याचे प्रमाण. मूल 'तिसऱ्या इयत्तेत आहे' याचा मूळ आशय ते तिसऱ्या मापाला उतरले, असा. वर्ष आणि माप यांची गाठ पक्की बसली, आणि वर्षअखेरीस मापाला न उतरणाऱ्या मुलासाठी 'ना' आणि 'पास' जोडून झालेला एक संकरित शब्द मराठीत कायमचा वस्तीला आला.

३/
त्यापूर्वीच्या पंतोजींच्या शाळेत ही गाठ नव्हती. मुहूर्त पाहून मूल वर्षातल्या कोणत्याही दिवशी शाळेत बसे. धुळपाटीवर अक्षरे गिरवणे, पाढे, मोडी, हिशेब हा क्रम ठरलेला असे. पण तो किती दिवसांत पुरा करायचा, हे मुलाच्या गतीवर अवलंबून राही. थोरली मुले धाकट्यांना शिकवत. वार्षिक परीक्षा नाही, त्यामुळे नापासही नाही. मात्र या शाळेचे गोडवे गाताना तिची दारे बहुसंख्य जातींच्या मुलांना आणि जवळजवळ सर्व मुलींना बंद होती, हे विसरता येत नाही. तेथे मागे राहण्याचा प्रश्न उद्भवत नव्हता, कारण आत येणारेच थोडे होते.

४/
दुसरा प्रवाह इंग्लंडमधून आला. १८६२ साली रॉबर्ट लो यांनी तेथील प्राथमिक शाळांसाठी सुधारित संहिता लागू केली. सहा 'स्टँडर्ड' ठरले. दरवर्षी सरकारी तपासनीस येऊन प्रत्येक मुलाची वाचन, लेखन आणि अंकगणितात परीक्षा घेई. एकेका विषयातील प्रत्येक नापासीमागे शाळेच्या अनुदानातून २ शिलिंग ८ पेन्स कापले जात. शिक्षण कार्यक्षम ठरेल, नाही तर निदान स्वस्त तरी होईल, असा लो यांचा हिशेब होता. कवी मॅथ्यू अर्नोल्ड स्वतः शाळा तपासनीस होते. घोकंपट्टी वाढवणाऱ्या या यंत्रावर त्यांनी सातत्याने टीका केली.

५/
'निकालानुसार अनुदान' हे तत्त्व लवकरच मुंबई इलाख्यातील अनुदानित शाळांपर्यंत पोहोचले. वर्षातून एकदा 'दिपोटी' साहेबांची, म्हणजे डेप्युटी इन्स्पेक्टरची स्वारी येणार, मुले उभी राहणार, आणि त्यांच्या उत्तरांवर शाळेचा पैसा ठरणार. ज्याच्या उत्तीर्ण होण्याची खात्री नाही ते मूल अशा व्यवस्थेत शिक्षकाच्या दृष्टीने तोट्याची बाब ठरते. १८८२ च्या हंटर आयोगानेही प्राथमिक शाळांची मदत बऱ्याच अंशी परीक्षेच्या निकालांवर ठरवावी, अशीच शिफारस केली.

६/
त्याच हंटर आयोगापुढे १९ ऑक्टोबर १८८२ रोजी महात्मा जोतीराव फुले यांनी पुण्याहून आपले निवेदन सादर केले. निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, ही त्यांची मागणी सर्वांना ठाऊक आहे. तिच्या शेजारची दुसरी मागणी क्वचितच आठवली जाते. ती होती अभ्यासक्रमाबद्दल. मोडी व बालबोध लेखन-वाचन, हिशेब, इतिहास-भूगोल-व्याकरणाची तोंडओळख, शेतीचे प्राथमिक ज्ञान, नीती आणि आरोग्य यांचे सोपे पाठ असा आराखडा त्यांनी मांडला. शाळेत कोणाला आणायचे आणि तेथे काय शिकवायचे, हे प्रश्न त्यांनी एकत्रच मांडले. पुढील सारी कथा हे दोन प्रश्न वेगळे पाडल्याच्या परिणामांची आहे.

७/
१९०४ साली लॉर्ड कर्झन यांच्या शिक्षणविषयक ठरावाने निकालानुसार अनुदानाची पद्धत मोडीत काढली. इंग्लंडनेही ती आधीच टाकून दिली होती. पैसा आणि निकाल यांची गाठ सुटली. वर्ष आणि माप यांची मात्र तशीच राहिली. वार्षिक परीक्षा, वरच्या वर्गात 'चढवणे' आणि न चढवणे हा शाळेचा स्वभावच बनला. पहिलीच्याही आधी 'बिगरी' होती, म्हणजे 'बिगर-इयत्ता'. अजून कोणत्याच मापाला न उतरलेल्या मुलांचा हा वर्ग. तेथून पहिलीत जाणे हाही अनेकांसाठी अडथळाच होता.

८/
मूल एक वर्ष मागे राहिले तर एवढे काय बिघडते? सुखवस्तू घरात फारसे नाही. शेतमजुराच्या घरात मात्र सात वर्षांचे मूल गुरे राखू शकते, धाकट्या भावंडाला सांभाळू शकते. त्याला शाळेत पाठवणे म्हणजे दररोजची कमाई किंवा मदत सोडणे. वर्ष संपल्यावर शाळा सांगते की याला काही आले नाही, पुन्हा तेच. बाप दुसरे वर्ष बहुधा देतो. तिसरे देईलच असे नाही. मुलीच्या बाबतीत तर दुसरेही नाही. अशा घरात मागे ठेवणे ही शाळेतून काढण्याची पहिली पायरी ठरते.

९/
विसाव्या शतकाच्या प्रारंभी सारा जोर मुलांना शाळेत आणण्यावर होता. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी १९०६ साली संपूर्ण संस्थानात सक्तीचे शिक्षण लागू केले. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १६ मार्च १९११ रोजी मध्यवर्ती कायदेमंडळात विधेयक मांडले. पुढील वर्षी ते ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ साली सक्तीचा कायदा केला, तर मुंबई इलाख्यात विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नाने १९१८ साली नगरपालिकांपुरता कायदा झाला. दार उघडण्याची लढाई अशी चालू असताना आतल्या वर्गात काय घडते, याकडे फारसे कोणी पाहत नव्हते.

१०/
ते प्रथम ठळकपणे पाहिले हारटोग समितीने. सायमन आयोगाची साहाय्यक समिती म्हणून तिची नेमणूक झाली. अध्यक्ष होते ढाका विद्यापीठाचे पहिले कुलगुरू सर फिलिप हारटोग. सप्टेंबर १९२९ च्या अहवालाने दोन संज्ञा रूढ केल्या. अभ्यासक्रम पुरा होण्याआधी मूल शाळा सोडते तो 'अपव्यय', म्हणजे आजच्या भाषेत गळती. एकाच वर्गात मूल एकाहून अधिक वर्षे राहते ते 'स्थगन'. आरंभी दिलेला शंभरांतील अठरांचा हिशेब याच अहवालातला.

११/
हा आकडा वाचताना एक सावधगिरी हवी. समजा, एका गावच्या शाळेत दरवर्षी ३० नवी मुले येतात, प्रत्येक मूल पहिलीत दोन वर्षे काढते आणि पुढे न अडता चौथीपर्यंत जाते. अशा शाळेत पहिलीच्या पटावर ६० मुले दिसतील, चौथीच्या पटावर ३०. कागदावर वाटेल, निम्मी गळाली. प्रत्यक्षात एकानेही शाळा सोडलेली नाही. म्हणजे शंभरांतील सारी ब्याऐंशी गळालेली नव्हती. त्यांतील कित्येकांना शाळेनेच एका जागी थांबवले होते. गळती आणि स्थगन आकड्यांत एकमेकांच्या आड लपतात.

१२/
हारटोग समितीने कारणे अचूक टिपली होती: एकशिक्षकी शाळा, तुटपुंजे वेतन, अप्रशिक्षित शिक्षक, ग्रामीण जीवनाशी न जुळणारा अभ्यासक्रम, अपुरी तपासणी. खालच्या वर्गाकडे विशेष लक्ष द्यावे, असेही तिने सांगितले. पण तिच्या अहवालातून धोरणकर्त्यांनी उचलला तो एकच शब्द: दृढीकरण. विस्तार थांबवा, आहे ते नीट करा. ज्या देशात साक्षरता दहा टक्क्यांच्याही आत होती, तेथे हा सल्ला जीवघेणा होता. मुंबईतील शिक्षणतज्ज्ञ रा. वि. परुळेकर यांनी या धोरणाचा ठामपणे प्रतिवाद केला. सार्वत्रिक शिक्षणासाठी विस्तार आधी, हा त्यांचा आग्रह होता.

१३/
१९३७ साली प्रांतांत लोकनियुक्त मंत्रिमंडळे आली आणि प्रश्न नव्याने मांडला गेला. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात वर्ध्याला शिक्षण परिषद भरली. गांधीजींच्या नई तालीमच्या कल्पनेला अभ्यासक्रमाचे रूप देण्यासाठी डॉ. झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. विनोबा भावे आणि काकासाहेब कालेलकर हे तिचे सदस्य होते. सात वर्षांचे शिक्षण, मातृभाषेतून, सूतकताईसारख्या उत्पादक कामाभोवती गुंफलेले, हा तिचा आराखडा प्रसिद्ध आहे. तिने परीक्षेबद्दल जे म्हटले, ते मात्र विस्मरणात गेले.

१४/
समितीचे म्हणणे थोडक्यात असे. कोणत्याही मुलाला वर्षाचे काम पुन्हा करायला लावू नये. एखाद्या वर्गात बरीच मुले मागे पडत असतील, तर त्या शिक्षकाच्या कामाकडे लक्ष द्यावे. संपूर्ण शाळेत पडत असतील, तर शाळेचा कारभार तपासावा. आणि सर्वच शाळांत पडत असतील, तर अभ्यासक्रमात आणि प्रत्येक इयत्तेसाठी ठरवलेल्या मापातच चूक आहे असे समजून ते दुरुस्त करावे. नापासीची जबाबदारी येथे पायरी-पायरीने वर चढते. सात वर्षांच्या मुलापाशी ती कोठेच थांबत नाही.

१५/
आरंभीच्या वर्गात मुलाला मागे ठेवू नये, या विचाराची भारतातील ही सर्वांत स्पष्ट मांडणी म्हणता येईल. तिचे स्वरूप नीट लक्षात घ्यावे. परीक्षा अवघड वाटते म्हणून ती काढून टाका, असे समिती म्हणत नव्हती. माप चुकीचे असू शकते, म्हणून मापालाही तपासणी लावा, असे ती म्हणत होती. मागे न ठेवणे आणि अभ्यासक्रम बदलणे हे एकाच वाक्याचे दोन भाग होते. मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर यांच्या सरकारने मूलोद्योगी शाळांचे प्रयोग सुरू केले. पण १९३९ साली मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले आणि ते वाक्य अर्धवट राहिले.

१६/
महाराष्ट्राच्या एका कोपऱ्यात ते वाक्य वेगळ्या रीतीने पुढे लिहिले जात होते. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र उभारले. पुढे अनुताई वाघ यांच्यासह ते काम १९५७ साली डहाणूजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेले. वारली मुले शाळेत येत नाहीत, तर अंगणात बालवाडी भरवावी, यातून 'अंगणवाडी' आली. मुले गुरांमागे रानात जातात, तर शाळाच कुरणात न्यावी, यातून 'कुरणशाळा' आली. ताराबाईंनी मुलाला शाळेच्या मापात बसवले नाही. शाळेचे माप मुलाच्या दिवसक्रमावरून घेतले.

१७/
या साऱ्या प्रवाहांना राष्ट्रीय धोरणात आणणारा माणूस कोल्हापूर जिल्ह्यातल्या आजरा तालुक्यातील बहिरेवाडीचा. मूळ नाव विठ्ठल हरी घोटगे. स्वातंत्र्यलढ्याच्या काळात घेतलेले जे. पी. नाईक हे नाव कायमचे चिकटले. धारवाडजवळच्या उप्पिन बेटगेरीत त्यांनी ग्रामशिक्षणाचे काम केले, १९४८ साली मुंबईत भारतीय शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि गारगोटीच्या मौनी विद्यापीठाची पायाभरणी केली. परुळेकर हे त्यांचे ज्येष्ठ सहकारी. आकडे हातात घेऊन गरिबाच्या मुलाची बाजू मांडणे, ही या दोघांची पद्धत.

१८/
१९५० च्या दशकात अपव्यय आणि स्थगन हा महाराष्ट्रातील संशोधकांचा मोठा विषय बनला. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील धनंजयराव गाडगीळ आणि वि. म. दांडेकर यांनी सातारा जिल्ह्यातील प्राथमिक शिक्षणाच्या दोन पाहण्या १९५५ साली प्रसिद्ध केल्या. शिक्षणाचा प्रश्न अर्थशास्त्रज्ञांनी हाती घ्यावा, ही त्या काळी नवी गोष्ट होती. संविधानाच्या कलम ४५ ने १९६० पर्यंत चौदा वर्षांखालील सर्वांना मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचे ध्येय ठेवले होते. मुले दाखल होतात, पण पोहोचत नाहीत, हे त्या ध्येयाच्या वाटेतले उघडे सत्य होते.

१९/
१९६४ साली डॉ. दौलतसिंग कोठारी यांच्या अध्यक्षतेखाली शिक्षण आयोग नेमला गेला आणि नाईक त्याचे सदस्य-सचिव झाले. जून १९६६ च्या अहवालाने सांगितले की प्राथमिक स्तराच्या खालच्या टप्प्यात अपव्ययाचे प्रमाण मुलांत सुमारे ५६ टक्के आणि मुलींत सुमारे ६२ टक्के आहे. त्याचा सर्वांत मोठा भाग पहिलीतच घडतो. चौथीत किंवा सातवीत काय होते याची चर्चा करणाऱ्या देशाला आयोगाने पहिलीच्या उंबऱ्याकडे पाहायला लावले.

२०/
आयोगाचे उपायही त्या उंबऱ्याशीच निगडित होते. पहिली व दुसरी, आणि शक्य तेथे पहिली ते चौथी, हा एकच सलग टप्पा मानावा. त्याच्या मध्ये नापासीची भिंत नसावी. पहिलीआधी एक वर्ष पूर्वप्राथमिक शिक्षण मिळावे. पहिलीत खेळातून शिकवावे. प्रत्येक मुलाला आपल्या गतीने पुढे जाता यावे. येथेही मागे न ठेवण्याची शिफारस एकटी आलेली नाही. तिच्यासोबत वर्गाची, पद्धतीची आणि वेळापत्रकाची फेररचना आहे. सर्वांना शाळा, सर्वांची नोंदणी आणि सर्वांची टिकवणूक या तीन पायऱ्यांपैकी तिसरी सर्वांत कठीण, हे आयोगाने ओळखले होते.

२१/
प्रत्यक्षात काय झाले? वर्गाची फेररचना करण्यास पैसा, शिक्षक आणि वर्षे लागतात. 'मुलांना खालच्या वर्गात नापास करू नये' हा आदेश काढण्यास एक कागद पुरतो. अनेक राज्यांनी दुसरे काम आधी केले. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्राथमिक स्तरावर न अडवण्याचे धोरण 'चालू ठेवण्याचे' ठरवले, यावरून ते आधीच रूढ झाले होते हे उघड आहे. पण वर्ग तोच, पाठ्यपुस्तक तेच, एका शिक्षकाकडे तीन-चार इयत्ताही त्याच. लोकांनी या व्यवस्थेला नेमके नाव दिले: ढकलपास.

२२/
त्या शब्दात उपहास आहे, आणि तो अनाठायी नाही. काहीही न शिकवता मुलाला वरच्या वर्गात ढकलणे ही त्याची फसवणूकच. पण जुन्या पद्धतीतही त्याला शिकवले जात नव्हतेच. फक्त तेव्हा ते पहिलीत बसून राही आणि मग घरी जाई. ढकलपासने नापासीची नोंद पुसली, कारण तसेच ठेवले. जे अज्ञान पूर्वी पहिलीच्या पटावर दिसत असे, ते आता पाचवीच्या वाचनात दिसू लागले.

२३/
२००९ च्या बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काच्या अधिनियमाने हा विचार प्रथमच देशव्यापी कायद्यात आणला. १ एप्रिल २०१० पासून तो लागू झाला. कलम १६ नुसार प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवी, पूर्ण होईपर्यंत कोणत्याही मुलाला मागे ठेवता किंवा काढून टाकता येत नव्हते. पण हे कलम एकाकी नव्हते. कलम २४ ने गरजेनुसार जादा शिकवण्याचे कर्तव्य शिक्षकावर टाकले. कलम २९ ने भयमुक्त शिक्षण आणि सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन सांगितले. परिशिष्टात शिक्षक-विद्यार्थी प्रमाण ठरले. १९३७ चे अर्धवट वाक्य येथे कागदावर तरी पूर्ण झाले.

२४/
महाराष्ट्राने २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन लागू केले. आकारिक आणि संकलित असे दोन भाग झाले, गुणांऐवजी श्रेणी आल्या. मूल रोज काय शिकते हे पाहून शिकवणे बदलावे, हा त्यामागील हेतू. अनेक शाळांत मात्र ते नोंदवह्या भरण्याचे काम होऊन बसले. शिक्षकांची तक्रार रास्त होती: पट मोठा, प्रशिक्षण थोडे, मागे पडलेल्या मुलांसाठी स्वतंत्र वेळ वेळापत्रकात नाही, आणि बोट मात्र शिक्षकाकडेच. कलम १६ पाळणे सोपे होते, कारण त्यासाठी काहीच करावे लागत नव्हते. कलम २४ पाळायला माणसे लागत होती.

२५/
'असर'च्या वार्षिक पाहण्यांतून ग्रामीण भारतातील पाचवीच्या जवळपास निम्म्या मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूरही वाचता येत नाही, असे दिसत राहिले. कलम १६ च्या विरोधकांना हा मोठा पुरावा वाटला. कायद्यानंतर काही घसरण दिसली हे खरे. पण कायदा लागू होण्यापूर्वीच्या पाहण्यांतील चित्रही फारसे उजळ नव्हते. रोग जुना होता. कलम १६ ने तो निर्माण केला नाही, आणि एकट्याने तो बराही केला नाही.

२६/
तरी राजकीय कौल फिरला. केंद्रीय शिक्षण सल्लागार मंडळाने हरियाणाच्या तत्कालीन शिक्षणमंत्री गीता भुक्कल यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या उपसमितीने फेरविचार सुचवला. २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी आणि आठवीत वार्षिक परीक्षा आली. अनुत्तीर्ण मुलाला जादा शिकवून निकालापासून दोन महिन्यांत पुन्हा संधी द्यायची. तरीही जमले नाही तर मागे ठेवायचे की नाही, हे सरकारांवर सोपवले गेले. महाराष्ट्राने २०२३ मध्ये नियम बदलून मागे ठेवण्याचा पर्याय स्वीकारला. डिसेंबर २०२४ मध्ये केंद्राने आपल्या अखत्यारीतील शाळांसाठीही तसेच नियम केले.

२७/
या दुरुस्तीच्या बाजूने एक प्रामाणिक युक्तिवाद आहे: कोठेतरी थांबून मुलाला काय येते हे पाहिलेच पाहिजे, नाही तर दहावीत ते थेट कोसळते. हे मान्य करूनही इतिहास एक प्रश्न पुढे करतो. पाचवीत थांबवलेल्या मुलाला दुसऱ्या वर्षी वेगळे काय मिळणार? तेच पुस्तक, तोच वर्ग, तीच पद्धत असेल, तर हारटोग अहवालातील स्थगन चार इयत्ता वर सरकले, एवढाच त्याचा अर्थ. ते दोन महिन्यांचे जादा शिकवणे खरोखर घडते की नाही, यावर या दुरुस्तीचे सारे मूल्य ठरणार आहे.

२८/
एक गोष्ट मात्र या माघारीतही टिकली. पहिली ते चौथीत मूल मागे ठेवता येत नाही. जेथे सर्वांत अधिक मुले हरवत होती, ती भिंत कायद्याने पडलेलीच आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने पूर्वप्राथमिकची तीन वर्षे आणि पहिली-दुसरी मिळून एकच पायाभूत स्तर केला. कोठारी आयोगाने सुचवलेला सलग टप्पा चौपन्न वर्षांनी दुसऱ्या नावाने परतला. २०२१ पासूनचे 'निपुण भारत' अभियान पायाभूत वाचन आणि अंकज्ञान हेच लक्ष्य मानते. म्हणजे या वेळी अभ्यासक्रमाचा अर्धा भाग सोबत आहे. तो वर्गापर्यंत पोहोचवणे बाकी आहे.

२९/
हा इतिहास पाहिल्यावर 'नापास करावे की करू नये' हा प्रश्न अपुरा वाटू लागतो. १८६२ पासून प्रत्येक पिढीने मुलाच्या पुढे माप धरले. माप धरणाऱ्या हातालाही तपासावे, असे फुले, झाकीर हुसेन, ताराबाई आणि नाईक वेगवेगळ्या शब्दांत सांगत राहिले. नापासी पुसली तेव्हा आणि परत आणली तेव्हाही बहुतेक वेळा वर्ग होता तसाच राहिला.

३०/
जे. पी. नाईक यांनी समता, गुणवत्ता आणि संख्या यांना भारतीय शिक्षणातील हाती न लागणारा त्रिकोण म्हटले होते. मागे ठेवणारी शाळा गुणवत्तेच्या नावाने समता सोडते. ढकलपास करणारी शाळा संख्येच्या नावाने गुणवत्ता सोडते. तिन्ही कोन साधण्याची जागा निकालपत्रकावर नाही. ती पहिलीच्या वर्गात आहे: तेथे किती मुलांमागे किती शिक्षक आहेत, हातात कोणते पुस्तक आहे, आणि मागे पडलेल्या मुलाजवळ बसायला कोणाला वेळ आहे, यात. शंभरांतील ब्याऐंशी मुले शंभर वर्षांपूर्वी याच वर्गात हरवली होती.